कार्डावर नसलेलं तोंड

निकुरे मॅडमनी पहिल्याच भेटीत आम्हाला मिठाचा चहा पाजला.

चंद्रपुरातल्या एका मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत सर्वेक्षकांचं प्रशिक्षण होतं. मी तेव्हा वडशाच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवत होतो. तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक म्हणजे ज्याला सगळे सर म्हणतात पण ज्याच्यासाठी खुर्ची नसते, असा माणूस. उन्हाळ्यात तासिका बंद होतात आणि नुसतं तत्त्व उरतं, म्हणून मी या कामाला आलो होतो. खोलीत माझ्यासारखेच बरेच जण होते. चहा आला. एक घोट घेतला आणि समजलं की काहीतरी भयंकर घडलं आहे. पण समोर उंचीनं कमी, जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या, सुती साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेल्या एक बाई उभ्या होत्या आणि आम्ही प्यायची वाट बघत होत्या. सगळ्यांनी चहा संपवला.

मग एकेक चिठ्ठी वाटली गेली. 'चहा कसा होता?' खाली पाच चौकोन. फार वाईट, वाईट, ठीक, चांगला, फार चांगला. नाव लिहायचं नव्हतं. मॅडमनी चिठ्ठ्या गोळा केल्या, चाळल्या, आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"मूठभर मीठ टाकलं मीनं त्याच्यात," त्या म्हणाल्या. "आन् तुम्ही 'चांगला' लिहून राह्यले. काऊन?"

सगळे रिकाम्या कपांत बघायला लागले. शेवटी मागून एक जण म्हणाला, "मॅडम, पहिलाच दिवस. तुमी एवढा चहा केला, काम तुमच्या हातात..."

"बस," मॅडम म्हणाल्या. "पुस्तकात हे शिकवायले मले आठवडा लागते. उद्या तुम्ही ज्याच्या अंगणात जाऊन बसाल ना, तो बी तुमचा चहा असाच चांगला म्हणन. कारण काम तुमच्या हातात आहे असं त्याले वाटन." मग त्यांनी एक चिठ्ठी वर धरली. "आन् हा 'ठीक'वाला कोण आहे?"

मी हात वर केला. मला वाटलं होतं की माझ्या सावधपणाचं कौतुक होईल.

"ठीक म्हणजे मधलं नाई रे बाबू," त्या म्हणाल्या. "ठीक म्हणजे 'आता तू जा'."

तेव्हापासून काही वर्षं मी त्यांच्या हाताखाली पर्यवेक्षक म्हणून काम केलं.

ज्यांचा या धंद्याशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. माणसाचं मत मोजायचं असलं की त्याच्यापुढे एक विधान ठेवतात आणि पाच पायऱ्या ठेवतात: पूर्ण असहमत पासून पूर्ण सहमत पर्यंत. पायरीला आकडा असतो. सगळ्यांचे आकडे मिळवून त्यांची सरासरी काढली की तिचा रंगीत खांब होतो, आणि खांब उंच झाला की दूरच्या शहरातल्या थंड खोलीत कुणीतरी मान डोलावतं. मॅडमनी आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं होतं. निवृत्तीनंतर संस्था आणि एजन्सी त्यांना असल्या पाच पायऱ्यांच्या पट्ट्या बनवायला आणि पोरांना त्या वापरायला शिकवायला बोलवत. त्या पट्टीच्या विरोधात मुळीच नव्हत्या. पट्टी नीट वापरली तर तिच्यासारखं हत्यार नाही असं त्यांचं मत होतं, आणि म्हणूनच ती गबाळेपणानं वापरणाऱ्या माणसावर त्या एखाद्या शिंप्यासारख्या चिडत, ज्याच्या कात्रीनं कोणी पत्रा कापला आहे.

चिडणं हा त्यांचा स्थायीभाव होता. शिकवायला उभ्या राहिल्या की स्वच्छ पुस्तकी मराठी बोलत आणि चिडल्या की आमच्याकडच्या झाडीबोलीवर येत, त्यामुळे त्यांची पुस्तकी मराठी मी फारशी ऐकलेली नाही. ऑटोवाल्यांवर चिडत, बँकेवर चिडत, हवेतल्या कोळशाच्या भुकटीवर तर वैयक्तिक शत्रू असल्यासारख्या चिडत. कधीकधी चुकीच्या माणसावर चिडत आणि नंतर क्षमा मागायच्या ऐवजी त्या माणसाला डबा नेऊन देत. माझ्या लग्नाला आल्या होत्या. मांडवात जो तो जेवणाची तारीफ करत होता. मॅडम माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "वरण आंबलं होतं. नवरी चांगली आहे. तू त्या मानानं..." आणि 'ठीक' म्हणावं तसा हात आडवा धरून हलवला. माझी बायको त्या दिवसापासून त्यांची भक्त झाली. लग्नात आपल्याशी खरं बोललेलं ते एकच माणूस, असं ती अजून म्हणते.

स्वतःलाही त्या सोडत नसत. तरुणपणी त्यांनी कुटुंबनियोजनाबद्दल गावातल्या सुनांचा दृष्टिकोन मोजून पीएच.डी. मिळवली होती. अंगणात बसून त्यांनी प्रश्न विचारले आणि प्रत्येक सुनेच्या बाजूला तिची सासू भाजी निवडत बसलेली होती. प्रबंधाचं कौतुक झालं. "सासवांचा दृष्टिकोन मोजला मीनं," त्या सांगत, "सुनांच्या तोंडून." आमच्या प्रत्येक तुकडीला त्या हे सांगत आणि सांगताना जणू ते काल घडलं असावं तशा लाल होत. त्यातूनच त्यांचा तो नेहमीचा पाठ आला होता. प्रश्नावली कितीही मोठ्या माणसानं बनवलेली असो, त्या ती उलटी टेबलावर ठेवत आणि विचारत, "कोणाले विचारून राह्यला, कोणासमोर विचारून राह्यला, आन् उत्तर पसंत नाई पडलं तर त्याचं काय करशील? हे पयले सांग. प्रश्न मंग सांगजो."

त्यांचा एकच शौक होता, आमच्या भागातली रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटकं. हिवाळ्यात नाटकांचा हंगाम सुरू झाला की त्या वडशाला माझ्याकडे उतरत आणि आम्ही कुठल्यातरी गावच्या शामियान्यात जाऊन बसत असू. तिथंही त्यांचं लक्ष अर्धं मंचावर आणि अर्धं प्रेक्षकांत असायचं. "पाह्य, हे लोक नाटक पडलं तरी उठून जात नाई," त्या कानात सांगत. "चांगलं नाई झालं असं तोंडानं बी म्हणत नाई. गोधडी ओढते आन् झोपून जाते. तुले नाटक कसं झालं ते मोजायचं असन तर विचारू नको. झोपलेले मोज."

हे सगळं ऐकताना गंमत वाटायची. कोयरगुड्याला जाईपर्यंत ती गंमतच होती.

कोयरगुडा हे गावाचं खरं नाव नाही. गाव भामरागडच्या पलीकडे, नदी ओलांडून जंगलात आहे. पावसाळ्यात नदी फुगली की महिना-महिना तिकडे काही जात नाही आणि तिकडून काही येत नाही. गावात आरोग्य उपकेंद्राची एक खोली होती आणि त्या खोलीत एक सिस्टर राहत असे. बाळंतपणं, ताप, साप चावणं, सगळं ती बघायची. पुढं त्या भागात फिरता दवाखाना सुरू झाला. पांढरी मोठी गाडी, आत डॉक्टर, औषधं, तपासणीचा पलंग. गाडी आठवड्यातून एकदा यायची. आणि त्या गाडीबद्दल लोक किती समाधानी आहेत हे मोजायचं काम एका मोठ्या शहरातल्या एजन्सीला मिळालं. एजन्सीनं मॅडमना गाठलं, मॅडमनी मला.

आम्ही हिवाळ्यात गेलो. रस्ता कोरडा, नदीत पाणी घोट्याएवढं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी एजन्सीनं लॅमिनेट केलेलं कार्ड दिलं होतं. त्यावर पाच गोल तोंडं काढलेली: पहिल्याच्या डोळ्यांत पाण्याचे थेंब, दुसरं नुसतं उतरलेलं, मधलं सरळ रेघेच्या ओठांचं, चौथं हसरं आणि पाचवं दात दाखवून हसणारं. 'गाडीची सेवा तुम्हाला कशी वाटते? त्या तोंडावर बोट ठेवा.' ते टॅबवर नोंदवायचं. तोंड निवडल्याशिवाय टॅब पुढचा प्रश्न उघडत नसे.

दुपारपर्यंत आमची सर्वेक्षक पोरं घराघरांतून फिरून आली. सगळ्या गावानं दात दाखवणाऱ्या तोंडावर बोट ठेवलं होतं. पोरं खूश होती, काम भराभर झालं म्हणून. मॅडमनी टॅबवरून बोट फिरवलं आणि कपाळावर आठ्या चढवल्या.

"हा मिठाचा चहा आहे," त्या म्हणाल्या.

शेवटच्या घरी त्या स्वतः गेल्या. ते सोमरीबाईचं घर. सोमरीबाई माझ्या आईच्या वयाची, बाजाराला जाऊन-येऊन मोडकं मराठी शिकलेली. तिनं आधी आम्हाला खाटेवर बसवलं, पाणी दिलं, मग कार्डावर बघून पटकन पाचव्या तोंडावर बोट ठेवलं.

"बाई, गाडी खरंच इतकी चांगली आहे का?" मॅडमनी विचारलं.

"गाडी चांगली आहे. डॉक्टर गोड बोलते."

"मंग पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात कुठी येते?"

"मंग हे रडकं तोंड कशाले आहे? याच्यावर बोट काऊन नाई ठेवलं?"

सोमरीबाईनं त्यांच्याकडे असं बघितलं जसं एखाद्या मोठ्या बाईनं वेड्यासारखं काही विचारलं असावं. "तू इतक्या दुरून आली," ती म्हणाली. "माझ्या खाटेवर बसली. तुले रडकं तोंड देऊन वापस पाठवू का?"

मॅडमनी कार्ड आपल्या पिशवीत टाकलं. मग बाहेर येऊन मला म्हणाल्या, "हे कार्ड ज्यानं काढलं ना, त्याच्या घरी कधी पाव्हणा आला नसन."

पण खरी गोष्ट त्यांना त्याहून पुढची डाचत होती. एजन्सीच्या करारात एक कलम होतं, जे मॅडमनी वाचलं होतं आणि आमच्यापैकी कोणी वाचलं नव्हतं. लोक गाडीवर समाधानी असतील तर उपकेंद्राची गरज उरत नाही, आणि सिस्टरचं पद रस्त्यावरच्या मोठ्या गावी हलवता येईल. प्रश्नावलीत गाडीबद्दल पानंच्या पानं होती. सिस्टरबद्दल एकही प्रश्न नव्हता. म्हणजे कोयरगुड्याचे लोक पाहुण्याचा मान राखायला हसऱ्या तोंडावर बोट ठेवत होते, आणि प्रत्येक बोटागणिक आपली सिस्टर घालवत होते. ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मॅडमनी सांगितलं. ते नियमात बसत नव्हतं. उत्तर देणाऱ्याला आधी काही सुचवायचं नसतं, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. "मी सुचवून नाई राह्यली," त्या मला म्हणाल्या, "मी करार वाचून दाखवून राह्यली." आणि अंगणवाडीच्या ताईला दुभाषी म्हणून मध्ये घेऊन त्यांनी गावापुढे एकच गोष्ट ठेवली: गाडी आणि सिस्टर, दोनांतलं एकच राहणार असेल तर गाव काय म्हणतं?

त्या गावात कोणी एकट्यानं मत देत नाही. गाव मोहाच्या झाडाखाली बसलं. बायकाही बसल्या. कोणी थोडं बोलायचं, मग सगळे गप्प, मग दुसरं कोणीतरी बोलायचं. आमची पोरं अस्वस्थ झाली, टॅबची बॅटरी उतरत होती. मॅडम कडेला मांडी घालून बसल्या होत्या आणि मी त्यांना इतकं शांत कधी बघितलं नव्हतं. ऊन झाडाच्या बुंध्याशी आलं तेव्हा गावचा पाटील उठला आणि म्हणाला, "सिस्टर. गाडी चांगली आहे, पण ती नदीची आहे. नदी म्हणन तेव्हा येते. सिस्टर आमची आहे."

मॅडमनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून अहवालासोबत पाठवलं.

एजन्सीचे प्रकल्प संचालक समीर साहेब होते. वय कमी, जाकीट महाग, आणि दर वाक्यात 'इम्पॅक्ट'. त्यांचा फोन आला तेव्हा मी मॅडमच्या घरीच होतो आणि त्यांनी स्पीकर लावला.

"मॅडम, तुमचं ते ग्रुपवालं खूप इंटरेस्टिंग आहे," समीर साहेब म्हणाले. "पण तो एकच रिस्पॉन्स झाला ना. ग्रुप म्हणजे एक युनिट."

"तिथी पूर्ण गाव बसलं होतं."

"हो, पण एकदाच बसलं ना."

मॅडमनी फोनकडे बघितलं. "तुम्ही त्या गावातल्या प्रत्येकाले वेगळं काढून, पाव्हणा म्हणून त्याच्या दारात बसून विचारलं, ते सगळे खरे. आन् ते सगळे मिळून, विचार करून बोलले, तो एक?"

"मेथडॉलॉजी तशी आहे, मॅडम. तुम्हाला तर माहीत आहे."

"मले माहीत आहे म्हणूनच विचारून राह्यली."

अहवालात पाटलाचं वाक्य आलं नाही. तळटीप आली: 'काही ठिकाणी स्थानिक पातळीवर भिन्न मत आढळले.' मॅडमनी सही करायला नकार दिला. त्यांच्याशिवाय अहवाल छापला गेला, आणि तो अधिक सुबक दिसला, कारण एका सहीची जागा वाचली.

तो अहवाल चंद्रपूरच्या एका हॉटेलात समारंभानं मांडला गेला. पुष्पगुच्छ, दीपप्रज्वलन, पडद्यावर हिरवे उंच खांब. एका अधिकाऱ्यानं कौतुकानं म्हटलं की इतक्या दुर्गम भागात इतकं समाधान, आणि शहरातली माणसं बघा, कधीच समाधानी नसतात. सभागृह हसलं. मॅडम उभ्या राहिल्या.

"साहेब, हे समाधान नाई. ही रीत आहे. त्यांनी तुमच्या गाडीले मार्क नाई दिले, आमच्या येण्याले दिले. त्यांची सिस्टर नेऊ नका."

"मॅडम, भावनिक होऊ नका," अधिकारी सौम्यपणे म्हणाले.

"मी भावनिक नाई झाली. मी चिडली. ते वेगळं असते."

माईक पुढच्या वक्त्याकडे गेला. जाताना प्रत्येकाला एक कागद दिला गेला: 'आजचा कार्यक्रम कसा वाटला?' पाच चांदण्या. आजूबाजूचे सगळे पाचही चांदण्या रंगवत होते. मॅडमनी प्रत्येक ओळीत एकच चांदणी काळी केली. नाव लिहिणं ऐच्छिक होतं. त्यांनी नाव लिहिलं, फोन नंबर लिहिला, आणि कागद दारातल्या मुलीच्या हातात देऊन म्हणाल्या, "बाई, तुझ्यावर राग नाई. तुझं काम छान झालं. पण त्याच्यासाठी याच्यात ओळच नाई."

उन्हाळ्यात सिस्टरच्या बदलीचा आदेश निघाला. ती मोठ्या गावी गेली. कोयरगुड्याच्या खोलीला कुलूप लागलं.

त्या पावसाळ्यात सोमरीबाईची सून चैती बाळंतपणात अडली. नदी दोन्ही काठ सोडून वाहत होती. गाडी अलीकडच्या काठावर उभी होती. गाडीत काही दोष नव्हता. पांढरी, धुतलेली, आत पलंग, डॉक्टर हजर. पुरुषांनी चैतीला खाटेवर घातलं, खाट खांद्यावर घेतली आणि जंगलातून वरच्या बाजूला, जिथं नदी ओलांडता येते अशा एका उताराकडे निघाले. चैती वाचली. बाळ वाटेत गेलं.

अंगणवाडीच्या ताईनं टेकडीवर चढून, जिथं नेटवर्क लागतं तिथून, मला फोन केला. मी मॅडमना केला. 

"त्या सरासरीत हे लेकरू कुठी आहे, सांग मले," त्या म्हणाल्या.

 लेकराला तर मोजलंही नव्हतं.

पाणी उतरल्यावर आम्ही दोघं तिकडे गेलो. सांत्वन करणं मॅडमना येत नव्हतं. त्यांनी चैतीसाठी साडी आणि लोहाच्या गोळ्या नेल्या होत्या आणि दोन्ही एकाच पिशवीतून, तोंड वाकडं करून, एकदमच पुढं केल्या. सोमरीबाईनं आम्हाला त्याच खाटेवर बसवलं. पाणी दिलं. भात आणि मासळी वाढली. ज्यांनी येऊन तिच्याकडून हसरं तोंड काढून नेलं होतं, त्यांच्या ताटात ती दुसऱ्यांदा भात वाढत होती.  रीत म्हणजे काय असते ते मला त्या दिवशी कळलं, आणि आम्ही कशाचा फायदा घेतला होता तेही कळलं.

जेवण झाल्यावर मॅडम पिशवीत चष्म्याचं घर शोधत होत्या, तेव्हा ते कार्ड बाहेर आलं. सोमरीबाईनं हात पुढं केला.

"ते तोंडांचं दे इकडे."

तिनं कार्ड मांडीवर ठेवलं. आता विचारणारं कोणी नव्हतं, टॅब नव्हता. तिनं बोट रडक्या तोंडापासून हसऱ्यापर्यंत नेलं, आणि परत आणलं.

"याले रडू येते," ती म्हणाली. "याले बी थोडं येते. हा काहीच नाई बोलत. हे दोघं हसते. माझं तोंड याच्यात नाई."

"मंग तुमचं कोणतं?" मॅडमनी विचारलं. त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या, ओठ घट्ट दाबलेले, भिंगांमागचे डोळे लाल.

सोमरीबाईनं वर बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरून नजर फिरवली, अगदी सावकाश, बाजारात भांडं पारखावं तशी. मग तिनं बोट उचललं आणि ते मॅडमच्या कपाळाशी नेलं.

"हे," ती म्हणाली. "हे तुझं आहे ना, हे लाव इथी."

दारात बसलेली चैती हसली, खूप दिवसांनी हसावं तशी, अडखळत. आणि मॅडम हसल्या. मान मागे टाकून, दात दाखवून, चष्मा नाकावरून घसरेपर्यंत. त्यांना तसं हसताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. माझ्या हातात फोन होता. मी फोटो काढला.

परतीच्या वाटेवर त्या बोलल्या ते मी विसरलेलो नाही. "आमच्या शास्त्रानं सुख मोजलं, दुःख मोजलं. रागाले घर नाई ठेवलं. काऊन माहीत आहे? रडणाऱ्याचे डोळे पुसले की काम झालं. चिडलेल्याचं काहीतरी करावं लागते."

पुढची वर्षं त्या तेच करत राहिल्या. कोयरगुड्याची ग्रामसभा ठराव करायची, मॅडम तो घेऊन कार्यालयात जायच्या. तिथं त्यांना दर वेळी नम्रपणे सांगितलं जाई की लोक समाधानी असल्याचा अहवाल उपलब्ध आहे. त्या दर वेळी विचारत, "मंग हे असमाधानी लोक कोणाचे आहे?" आणि पुन्हा ठराव घेऊन जात. गाव एकदाच बसलं होतं ना, मग आता गाव पुन्हापुन्हा बसत होतं. मधुमेह होता, पाय सुजत, पांढरे बूट चढेनासे झाले तेव्हा त्या चपला घालून गेल्या. शेवटी नागपूरच्या एका हॉस्पिटलात गेल्या त्या परत आल्या नाहीत.

त्यांच्या भावाला शोकसभेसाठी फोटो हवा होता. घरातल्या प्रत्येक फोटोत बाई चिडलेल्या. "यातल्यात्यात बरा चेहरा असलेला तुमच्याकडे आहे का?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे एकच होता.

शोकसभा त्याच मंगल कार्यालयात झाली, या वेळी पुढच्या मोठ्या दालनात. मंचामागे भिंतभर फ्लेक्स. त्यावर निकुरे मॅडम मान मागे टाकून हसत होत्या आणि खाली लिहिलं होतं: 'हसतमुख, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व हरपले.' समीर साहेब खास आले होते. मॅडम नेहमी पॉझिटिव्ह असायच्या, असं त्यांनी सांगितलं. समारंभातले ते अधिकारी आता वरच्या पदावर गेले होते. त्यांनी संदेश पाठवला होता, त्यातही मॅडमच्या स्मिताचा उल्लेख होता. एकामागून एक माणूस उठत होता आणि त्या चित्राकडे बघून त्या बाईला पाचवं तोंड देत होता. कोणी वाईट हेतूनं करत नव्हतं. मेलेल्या माणसापुढे रडकं तोंड कोण ठेवणार, आणि रागाचं तर कार्डावर नव्हतंच.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी हा फोटो कधी आणि कशावर हसताना काढला ते सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, पण त्यांना ते भाषण वाटलं.

शेवटी चहा होता. आयोजकांपैकी एक तरुण, सकाळपासून खुर्च्या लावून दमलेला, माझ्याजवळ आला. "सर, कार्यक्रम कसा झाला?"

चहा चांगला होता, साखर बरोबर होती. मुलगा नम्र होता. मधलं उत्तर माझ्या जिभेवर आलंच होतं.

"वाईट झाला," मी म्हटलं. "तुमची मेहनत चांगली झाली, कार्यक्रम वाईट झाला. बाई हसतमुख नव्हत्या. आणि कोयरगुड्याच्या सिस्टरच्या खोलीला अजून कुलूप आहे."

 मग त्यानं शेजारची खुर्ची ओढली.

"हे कोयरगुडा कुठी आलं, सर?"

मी कप खाली ठेवला आणि त्याला सुरुवातीपासून सांगायला लागलो.